विश्लेषण : चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय? नव्या काचेआधी कॉर्नियाचा नकाशा का हवा?

चष्मा कायमचा काढून टाकण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करून घ्यायला कोणी गेले, की आधी त्याच्या कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढला जातो. कॉर्निया कुठे जाड आहे, कुठे पातळ आणि कुठे फुगीर, हे पाहिल्याशिवाय जबाबदार नेत्रतज्ज्ञ लेसर सुरूच करत नाही. याउलट, दहावी-बारावीतल्या एखाद्या मुलाचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो, नवा चष्मा लावूनही फळ्यावरची अक्षरे दुहेरी दिसतात आणि त्याच्या हाती पडतो तो आणखी एक नवा चष्मा. नकाशाची जास्त गरज खरे तर या मुलाला असते.

केराटोकोनस या आजारात हा फरक थेट दृष्टीवर बेततो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील संशोधनाने या आजाराचे उपचार बदलून टाकले आहेत. आजार वेळेत सापडला, तर साधारण तासाभराच्या प्रक्रियेने बहुतेक रुग्णांमध्ये तो आहे तिथे रोखता येतो. पण बिघडलेला आकार पूर्ववत करता येत नाही. म्हणजे यश शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठरते त्याहून जास्त त्याच्या आधीच्या मोजणीत ठरते. ही मोजणी कशी होते, उपचारांचा पुरावा किती भक्कम आहे आणि गाडी नेमकी कुठे अडते, याचा हा आढावा.

कॉर्निया म्हणजे बुब्बुळच का?

बोलताना आपण दोन्हींना बुब्बुळ म्हणतो. नेत्रदानाच्या बातम्यांतही ‘बुब्बुळ प्रत्यारोपण’ असाच शब्द येतो. प्रत्यक्षात डोळ्यात दिसणारे काळे किंवा तपकिरी वर्तुळ हा आतला रंगीत पडदा असतो. त्याच्यापुढे घड्याळाच्या काचेसारखी जी पारदर्शक, बाकदार काच असते, ती कॉर्निया. मराठीत तिला पारपटल म्हणतात.

ही काच साधारण ११ ते १२ मिलिमीटर रुंद असते आणि मध्यभागी तिची जाडी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त असते. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून पडद्यावर नेमका पाडण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम एकटी कॉर्निया करते. भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. त्या मापात कॉर्नियाची ताकद साधारण ४३ डायॉप्टर भरते. त्यामुळे तिच्या आकारात केसाच्या जाडीइतका फरक पडला तरी दिसण्यात मोठा फरक पडतो.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. तिच्या जाडीचा सुमारे ९० टक्के भाग स्ट्रोमा नावाच्या थराचा असतो. त्यात कोलॅजेनच्या तंतूंचे पातळ पापुद्रे वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचलेले असतात. प्लायवूडला मजबुती येते तीही अशाच आडव्या-उभ्या रचनेमुळे.

केराटोकोनसमध्ये नेमके काय बिघडते?

ही रचना सैल पडते. कॉर्नियाचा एक भाग, बहुधा मध्याच्या थोडा खाली, पातळ होत जातो आणि डोळ्याच्या आतल्या दाबाने पुढे फुगतो. गोलसर घुमटाचा हळूहळू शंकू होतो. ब्रिटिश डॉक्टर जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले होते.

आजार बहुतेक वेळा किशोरवयात सुरू होतो, विशीत वाढतो आणि तिशी-चाळिशीत मंदावतो. जितक्या लहान वयात सुरू होईल तितका त्याचा वेग जास्त असण्याची शक्यता असते. सहसा दोन्ही डोळ्यांत होतो, पण एकात जास्त. दुसरा डोळा काम भागवून नेतो आणि त्यामुळे बिघाड घरच्यांच्या काय, रुग्णाच्याही लवकर लक्षात येत नाही.

सुरुवातीची लक्षणे अगदी साधी वाटतात. सिलिंडर नंबर, ज्याला अनेक जण तिरका नंबर म्हणतात, तो वाढत जातो आणि त्याचा ॲक्सिसही बदलत राहतो. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे पसरलेले दिसतात. एका अक्षराच्या सावल्या दिसतात. नियमित आकारातला दोष चष्म्याच्या काचेने भरून निघतो. पण कॉर्निया वेडीवाकडी झाली, की तिचा दोष भरून काढणारी चष्म्याची काच बनवता येत नाही. अशा वेळी कडक कॉन्टॅक्ट लेन्स उपयोगी पडते. लेन्स आणि कॉर्निया यांच्यामधली जागा अश्रूंनी भरते आणि प्रकाशाला पुन्हा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. मात्र लेन्सने दिसणे सुधारते, आजार थांबत नाही.

डोळे जोरजोरात चोळण्याची सवय आणि हा आजार यांचा संबंध जगभरच्या अभ्यासांत वारंवार दिसला आहे. निव्वळ चोळल्याने आजार सुरू होतो की आधीच कमकुवत कॉर्निया चोळल्याने लवकर ढासळते, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. चोळणे थांबवा, या सल्ल्यावर मात्र मतभेद नाहीत. डोळ्यांची ॲलर्जी, घरात कोणाला हा आजार असणे आणि डाउन सिंड्रोम याही धोका वाढवणाऱ्या गोष्टी आहेत. उष्ण, कोरड्या हवेत मुलांच्या डोळ्यांना खाज सुटणारी ॲलर्जी जास्त आढळते. ‘उन्हाळ्यात होतंच असं’ म्हणून ती सोडून देणे म्हणूनच धोक्याचे.

कॉर्नियाचा नकाशा काढतात कसा?

पोर्तुगीज नेत्रतज्ज्ञ अंतोनियो प्लासिदो यांनी १८८० मध्ये एक सोपी युक्ती शोधली. एका चकतीवर एकात एक काळी-पांढरी वर्तुळे आणि मध्ये बघायला छिद्र. चकती डोळ्यासमोर धरली, की कॉर्नियावर वर्तुळांचे प्रतिबिंब पडते. पृष्ठभाग गोल असेल तर वर्तुळे गोल दिसतात, वाकडा असेल तर तीही वेडीवाकडी होतात आणि फुगवट्यापाशी एकमेकांजवळ येतात. संगणक आल्यावर या प्रतिबिंबातल्या हजारो बिंदूंची वक्रता मोजून रंगीत नकाशा काढणे शक्य झाले. जास्त वक्र भाग लाल, सपाट भाग निळा. यालाच टोपोग्राफी म्हणतात.

तिची मर्यादा अशी, की ती फक्त पुढचा पृष्ठभाग पाहते. केराटोकोनसच्या सुरुवातीच्या खुणा अनेकदा कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागावर आणि जाडीत दिसतात. त्यासाठी टोमोग्राफी लागते. एक शब्द इकडचा तिकडे झाला, की दोन्हींत गल्लत होते, म्हणून फरक लक्षात ठेवलेला बरा. टोपोग्राफी म्हणजे जमिनीचे चढउतार, टोमोग्राफी म्हणजे जमिनीचा खोलवर घेतलेला छेद.

टोमोग्राफीतले एक तंत्र थेट नकाशे बनवणाऱ्यांकडूनच आले आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्यातील अधिकारी थिओडोर शाइम्पफ्लुग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवेतून घेतलेल्या छायाचित्रांवरून नकाशे करताना कॅमेऱ्याच्या भिंगाचा तिरपा कोन कसा ठेवावा, याचा नियम मांडला. तिरप्या कोनातून घेतलेल्या चित्रातही सगळा भाग स्पष्ट यावा, हा त्याचा हेतू. आज पेंटाकॅमसारख्या यंत्रात असाच कॅमेरा डोळ्याभोवती फिरतो, काही क्षणांत कॉर्नियाचे अनेक छेद टिपतो आणि त्यांवरून पुढचा पृष्ठभाग, मागचा पृष्ठभाग व प्रत्येक बिंदूची जाडी काढतो. डोळ्याला काहीही स्पर्श होत नाही.

दुसरे तंत्र ओसीटी. अल्ट्रासाउंडमध्ये ध्वनीचा प्रतिध्वनी मोजतात, तसे यात अवरक्त प्रकाशाचे परावर्तन मोजले जाते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये झालेल्या कामावर आधारित या तंत्राचा पहिला शोधनिबंध १९९१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. त्यामागील डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि एरिक स्वॉन्सन यांना २०२३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. ओसीटीमुळे कॉर्नियाचा अगदी वरचा, दर काही दिवसांनी नवा होणारा थर वेगळा मोजता येतो. केराटोकोनसमध्ये हा थर शंकूच्या माथ्यावर पातळ आणि भोवताली जाड होतो. गवंडी भिंतीचा उंचसखलपणा गिलाव्यात झाकतो तसाच हा प्रकार. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला आजार आहे त्यापेक्षा कमी वाटू शकतो.

याच कारणाने २०१५ मध्ये जगभरच्या कॉर्नियातज्ज्ञांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या सहमतीपत्रात निदानासाठी मागच्या पृष्ठभागाचा बिघाड आणि जाडीची असामान्य रचना यांना मुख्य स्थान दिले. केवळ पुढून पाहून सुरुवातीचा केराटोकोनस नाकारता येत नाही, असा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात हा आजार किती जणांना आहे?

यावर उपलब्ध असलेला एक महत्त्वाचा अभ्यास नागपूरजवळच्या ग्रामीण भागातला आहे. नागपूरची सूरज आय इन्स्टिट्यूट आणि जर्मनीतील संशोधक यांनी मिळून केलेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’मध्ये ३० वर्षे व त्यावरील ४,६६७ जणांच्या कॉर्नियाची वक्रता मोजण्यात आली. निष्कर्ष २००९ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’त प्रसिद्ध झाले.

कॉर्नियाची ताकद ४८ डायॉप्टर किंवा अधिक असेल त्याला केराटोकोनस मानले, तर प्रमाण २.३ टक्के आले. ही रेषा ४९ वर नेली तर ०.६ टक्के आणि ५० वर नेली तर अवघे ०.१ टक्का. माणसे तीच, डोळे तेच. फक्त दोन डायॉप्टरने रेषा सरकली आणि रुग्णसंख्या वीस पटींहून जास्त बदलली.

या अभ्यासाचे मोल कमी होत नाही. उलट एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. त्यात केराटोमीटर वापरला होता आणि हे उपकरण कॉर्नियाच्या मध्याजवळचे मोजके बिंदू पाहते. शंकू खाली सरकलेला असेल तर तो त्यातून निसटू शकतो, आणि नुसतीच जास्त वक्र पण निरोगी कॉर्निया त्यात पकडली जाऊ शकते. शिवाय ज्या वयात आजार वेगाने वाढतो, ती १२ ते २५ वर्षांची मुले यात नव्हतीच. मागचा पृष्ठभाग आणि जाडी मोजून राज्यातल्या शाळकरी मुलांची मोठी पाहणी होईपर्यंत कोणताही आकडा छातीठोकपणे सांगणे योग्य नाही. आणि आकडा नसेल तर यंत्रे, माणसे आणि पैसा किती लागेल, हेही ठरत नाही.

आजार थांबवणारा उपचार कोणता?

त्याचे नाव क्रॉस-लिंकिंग. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या तंत्र विद्यापीठात १९९०च्या दशकात थिओ सायलर, एबरहार्ड स्पोर्ल आणि ग्रेगोर वोलेनसाक यांच्या गटाने ते विकसित केले. सैल पडलेल्या कोलॅजेनच्या तंतूंमध्ये नवे रासायनिक दुवे तयार करून कॉर्निया ताठ करायची, ही त्यामागची कल्पना. टायरचे रबर कणखर करताना त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडतात, त्याच्याशी याचे तत्त्वतः नाते आहे.

मूळ पद्धतीत भुलीचे थेंब घालून कॉर्नियाचा वरचा थर मध्यभागी काढतात. मग अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब टाकतात. त्यानंतर अर्धा तास ठरावीक तीव्रतेचा अतिनील प्रकाश सोडतात. आता जास्त तीव्रतेच्या प्रकाशाने वेळ कमी करणाऱ्या पद्धतीही वापरात आहेत. वरचा थर न काढता उपचार करण्यावरही बरेच संशोधन झाले आहे. त्यात वेदना कमी, पण औषध आणि प्रकाश आत किती पोहोचतो हा कळीचा प्रश्न असतो.

इथेही मोजणीशिवाय पाऊल टाकता येत नाही. वरचा थर काढल्यावर कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन जाड असावी, असा मूळ पद्धतीचा दंडक आहे. त्याहून पातळ असेल तर अतिनील प्रकाश सर्वात आतल्या थरापर्यंत पोहोचून तिथल्या पेशींना इजा करू शकतो आणि माणसात या पेशी पुन्हा भरून येत नाहीत. पातळ कॉर्नियासाठी बदललेल्या पद्धती आहेत, पण उशीर जितका जास्त तितके पर्याय कमी.

पुरावा किती भक्कम आहे?

पहिला प्रसिद्ध वैद्यकीय अभ्यास २००३ चा. त्यात २२ रुग्णांचे २३ डोळे होते. सर्वच डोळ्यांत आजाराची वाढ थांबली आणि १६ डोळ्यांत फुगवटा थोडा कमीही झाला. निकाल आशादायक होता, पण तुलनेसाठी उपचार न केलेला गट नव्हता. आजार काही जणांत आपोआपही थांबतो. मग श्रेय उपचाराचे की नशिबाचे, हे अशा अभ्यासातून कळत नाही.

पुढे ऑस्ट्रेलियातील मेलबर्नमध्ये तशी चाचणी झाली. कोणत्या डोळ्यावर उपचार करायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखे, यादृच्छिक पद्धतीने ठरवण्यात आले. तीन वर्षांनी, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार उपचार न झालेल्या डोळ्यांतील सर्वाधिक वक्रता सरासरी १.७५ डायॉप्टरने वाढली होती, तर उपचार झालेल्या डोळ्यांत ती १.०३ डायॉप्टरने घटली होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या उपचाराला मंजुरी दिली.

मुलांसाठी सर्वात महत्त्वाची चाचणी ब्रिटनमधली ‘केरालिंक’. वाढता केराटोकोनस असलेली १० ते १६ वर्षांची ६० मुले त्यात होती. निम्म्यांना क्रॉस-लिंकिंग, निम्म्यांना चष्मा-लेन्सचे नेहमीचे उपचार. दीड वर्षाने उपचार झालेल्या गटात ७ टक्के मुलांचा आजार वाढला, तर दुसऱ्या गटात ४३ टक्के मुलांचा. निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. उपचाराने वाढीचा धोका मोठ्या प्रमाणात कमी झाला, हे स्पष्टच आहे. पण उपचार न झालेल्या गटातल्या निम्म्याहून अधिक मुलांचा आजार दीड वर्षात वाढला नाही, हेही तितकेच खरे. म्हणजे नकाशात संशय दिसला, की प्रत्येकाला लगेच टेबलावर घ्यायचे, असा त्याचा अर्थ होत नाही. कोणाचा आजार वाढतो आहे हे ओळखण्यासाठी काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा नकाशा काढून तुलना करावी लागते. लहान मुलांत मात्र वेग जास्त असल्याने अनेक डॉक्टर फार वाट पाहत नाहीत.

उपचार पूर्णपणे बिनधोक नाही. पहिले काही दिवस चांगलेच दुखते. क्वचित जंतुसंसर्ग होतो, कॉर्नियावर धूसरपणा किंवा व्रण राहू शकतो. आणि क्रॉस-लिंकिंगने चष्मा जात नाही. ‘ऑपरेशन केलं तरी नंबर आहेच’ ही तक्रार बहुधा उपचाराचा हेतू आधी नीट न सांगितल्यामुळे येते.

दोन नकाशांची तुलना इतकी अवघड का?

वर्षभरात सर्वाधिक वक्रता १ डायॉप्टरने वाढली, तर आजार वाढतो आहे, असा निकष बऱ्याच ठिकाणी वापरला जातो. अडचण अशी, की शंकू जितका टोकदार, तितके यंत्राचे मोजमाप कमी स्थिर होते. पुढे गेलेल्या आजारात एकाच डोळ्याचे, एकाच दिवशी, एकाच यंत्रावर लागोपाठ केलेले दोन स्कॅनही एकमेकांपासून लक्षणीय वेगळे येऊ शकतात. यंत्र बदलले तर फरक आणखी वाढतो. २०१५ च्या सहमतीपत्रानेही ‘वाढ’ म्हणजे काय याची सर्वमान्य व्याख्या नसल्याचे मान्य केले होते.

रुग्णासाठी याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. शक्यतो त्याच यंत्रावर पुन्हा तपासणी करावी, जुने अहवाल फायलीत आणि मोबाइलमध्येही जपून ठेवावेत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असल्यास डॉक्टर सांगतील तितके दिवस ती आधी बंद ठेवावी, कारण लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो.

वेळ निघून गेली तर?

शंकू फार वाढला, त्यावर व्रण पडला आणि लेन्सही बसेना, तर उरते प्रत्यारोपण. मोरावियातील ओलोमोउत्स येथे एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी माणसातले पहिले यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण केले, तेव्हापासून हे तंत्र खूप पुढे आले आहे. पूर्वी कॉर्निया आरपार कापून पूर्ण जाडीची बदलली जाई. आता केराटोकोनसमध्ये अनेकदा फक्त पुढचे थर बदलतात आणि रुग्णाचा स्वतःचा आतला थर तसाच ठेवतात. त्यामुळे त्या थराच्या पेशींवर शरीराने हल्ला चढवण्याचा धोका टळतो. काही केंद्रांत शस्त्रक्रिया चालू असतानाच ओसीटीवर थर पाहण्याची सोय आहे. तरीही टाके, बदलता नंबर, दीर्घकाळ चालणारी औषधे आणि तपासण्या सुटत नाहीत. विशीतल्या रुग्णाला हे पुढची अनेक दशके सांभाळायचे असते.

ओस्लो विद्यापीठ रुग्णालयात २००५-०६ या दोन वर्षांत केराटोकोनससाठी ५५ प्रत्यारोपणे झाली होती. क्रॉस-लिंकिंग रुळल्यानंतर, २०१३-१४ मध्ये ती संख्या २६ वर आली. नेदरलँड्समध्ये २००५ ते २००७ या काळात अशी २६९, तर २०१२ ते २०१४ मध्ये २०१ प्रत्यारोपणे झाली. दरम्यान लेन्सही सुधारल्या, त्यामुळे सगळे श्रेय एकाच उपचाराला देता येणार नाही. पण कल दोन्हीकडे एकाच दिशेचा आहे. दान मिळालेल्या प्रत्येक कॉर्नियाची वाट पाहणारे अनेक जण जिथे असतात, तिथे टळलेले एक प्रत्यारोपण म्हणजे जंतुसंसर्गाने किंवा इजेने दृष्टी गेलेल्या दुसऱ्या कोणाला मिळालेली कॉर्निया.

स्मार्टफोनवर हा नकाशा काढता येईल का?

प्रयत्न सुरू आहेत आणि त्यातला एक ठळक प्रयत्न भारतातलाच आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया आणि शंकरा नेत्र रुग्णालयाशी संबंधित संशोधकांनी २०२१ मध्ये ‘स्मार्टकेसी’ ही प्रणाली मांडली. प्लासिदोचीच जुनी युक्ती, फक्त चकती थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली, एलईडीची पट्टी लावलेली आणि फोनच्या कॅमेऱ्यापुढे बसवलेली. वर्तुळांचा फोटो घेऊन ॲप कॉर्नियाचा आकार काढते. १०१ डोळ्यांवरील चाचणीत आजार असलेल्यांपैकी ९४.१ टक्के डोळे तिने बरोबर ओळखले आणि निरोगी डोळ्यांना चुकूनही आजारी ठरवले नाही.

आकडे छान आहेत, पण ते १०१ डोळ्यांचे आणि रुग्णालयातले. गावोगावच्या शाळांत चित्र वेगळे असेल. समजा, हजार मुलांत पाच जणांना आजार आहे. चाचणी आजारी मुलांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी मुलांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर सोडून देते, असेही समजा. मग ९९५ निरोगी मुलांपैकी सुमारे ५० जणांवर विनाकारण संशयाचा शिक्का बसेल आणि खरे रुग्ण सापडतील चार-पाच. चाचणी वाईट म्हणून नव्हे, आजार कमी जणांना असतो म्हणून हे गणित असे येते. याशिवाय प्लासिदोचे तत्त्व फक्त पुढचा पृष्ठभाग पाहते, ही मूळ मर्यादा फोनलाही आहेच. फोन ही चाळणी होऊ शकते, निदान नव्हे. चाळणीत अडकलेल्या ५५ मुलांसाठी जवळपास खरे यंत्र नसेल, तर त्या चाळणीने फक्त घबराट वाढेल.

मग अडते कुठे आणि करायचे काय?

शाळेतल्या नेत्रतपासणीचा भर तक्त्यावरची अक्षरे वाचण्यावर असतो. कमी दिसते का आणि चष्म्याने दिसते का, इतके त्यातून कळते. ते आवश्यकच आहे. पण चष्म्यानेही पूर्ण दिसत नाही, अशा मुलाचे पुढे काय करायचे, याची वाट ठरलेली हवी. ‘आळशी डोळा असेल’ म्हणून तिथेच थांबणे परवडणारे नाही.

पहिली पायरी तर यंत्राशिवायही शक्य आहे. रेटिनोस्कोप हे हातात मावणारे उपकरण नंबर काढताना वापरले जाते. केराटोकोनस असेल तर बाहुलीत दिसणारी प्रकाशाची झाक कात्रीच्या पात्यांसारखी उघडझाप करते. प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्टला ती ओळखता येते. नंबर निव्वळ संगणकी यंत्राच्या चिठ्ठीवरून देण्याच्या घाईत ही खूण हातची जाते. शाळांत आणि ग्रामीण केंद्रांत जाणाऱ्या तंत्रज्ञांना एवढे शिकवणे कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा स्वस्त आहे.

दुसरी पायरी म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी किमान एक टोमोग्राफी यंत्र आणि त्याचा अहवाल कॉर्नियातज्ज्ञाकडे ऑनलाइन पाठवण्याची सोय. यंत्र महाग आहे, हे खरे. पण चित्र काढायला तज्ज्ञ तिथे असावा लागत नाही, वाचायला लागतो. मोतीबिंदूची शिबिरे गावागावांत पोहोचवणाऱ्या राज्याला ही व्यवस्था अशक्य नाही. त्याच वेळी मोफत तपासणीनंतर उपचाराचा खर्च कुटुंबाच्या माथी पडणार नाही, याची तजवीज हवी. आजाराचे नाव कळूनही उपचार न मिळणे हे न कळण्याइतकेच वाईट.

तिसरी पायरी घराघरातली आहे. पुढीलपैकी काही आढळले, तर नवा चष्मा घेण्याआधी ‘कॉर्नियाची टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी करायला हवी का,’ हे नेत्रतज्ज्ञांना सरळ विचारावे :

- वय २५ च्या आत आणि सिलिंडर नंबर किंवा ॲक्सिस वारंवार बदलतो आहे.
- नवा चष्मा लावूनही एका किंवा दोन्ही डोळ्यांनी पूर्ण स्पष्ट दिसत नाही.
- एकाच डोळ्याने पाहताना अक्षरांच्या सावल्या दिसतात, दिवे पसरलेले दिसतात.
- डोळ्यांना सतत खाज येते आणि चोळण्याची सवय आहे.
- सख्ख्या भावंडांपैकी किंवा आईवडिलांपैकी कोणाला केराटोकोनस आहे.

यातले एखादे लक्षण असले म्हणजे आजार आहेच, असे नाही. बहुतेक मुलांचा नकाशा सामान्यच निघेल आणि ती निश्चिंत होतील. पण ज्याचा नकाशा सामान्य निघणार नाही, त्याच्यासाठी पंधराव्या वर्षी झालेली तपासणी आणि बाविसाव्या वर्षी झालेली तपासणी यांत क्रॉस-लिंकिंग आणि प्रत्यारोपण इतके अंतर पडू शकते. लेसरने चष्मा काढणाऱ्यासाठी जो नकाशा आज नियम आहे, तो चष्म्यानेही न दिसणाऱ्या मुलासाठी अपवाद राहू नये.